कलिंगडाच्या सालीचे गोड लोणचे

(बिबवेवाडी, पुणे येथील साक्षरता वर्गात झालेले भाषण)



आज आपण बिबवेवाडीत जमलो आहोत. ही पूर्वी पुण्याच्या दक्षिणेची एक वाडी होती. आता ती शहराच्या पोटात गेली आहे. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. नावातली वाडी तेवढी राहिली. तुमच्यापैकी कोणी भोरकडून आले आहे, कोणी पुरंदरकडून, कोणी दौंडकडून. तुमच्या गावचा माल ज्या बाजारात येतो, ते गुलटेकडीचे मार्केट यार्ड इथून अगदी जवळ आहे.

उन्हाळा लागला की त्या बाजारात कलिंगडांचे ढीग लागतात. सोलापूरकडून, अहिल्यानगरकडून गाड्या भरभरून येतात. रमजानचा महिना उन्हाळ्यात आला तर मागणी आणखी वाढते. दिवसभराचा रोजा सोडताना माणसाला थंडगार फोड हवीशी वाटते. मग हातगाडीवर, घराघरांत कलिंगडे कापली जातात. लाल गर पोटात जातो. साल उकिरड्यावर जाते.

आम्ही आज त्या सालीबद्दल बोलणार आहोत.

हसू आले ना? येऊ द्या. गेल्या वर्षी आम्ही हाच विषय वर्गात काढला, तेव्हाही सगळ्या हसल्या. एक काकू तर म्हणाल्या, "काय हो बाई, आता साली खायची वेळ आली का आमच्यावर?"

काकू हसत हसत बोलल्या. पण त्यांच्या मनात काही तरी सलत होते. दुष्काळात ज्यांनी दिवस काढले, त्यांना दुसऱ्याने टाकलेले वेचून खाण्याची लाज ठाऊक असते. म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकतो. रस्त्यावरची साल, हातगाडीवाल्याने टाकलेली साल, कोणी दात लावलेली साल आपल्याला नको. आपण पैसे देऊन फळ आणतो. त्या फळाचे वजन करताना तराजूत सालही असते. तिचेही पैसे आपण दिलेले असतात. पाच किलोचे फळ घेतले तर त्यात दीड किलोच्या आसपास नुसती सालच असते. म्हणजे विकत आणलेला माल आपण गाईपुढे टाकतो. गाय खाते हे चांगलेच आहे. पण थोडे आपणही ठेवावे.

साल म्हणजे सगळी साल नव्हे बरे का. बाहेरचा हिरवा पापुद्रा चिवट असतो. तो काढून टाकायचा. आतला लाल गर आपण खाल्लेला असतो. या दोहोंच्या मध्ये जो पांढरट, फिकट हिरवा, घट्ट भाग असतो, तो आपल्या कामाचा. त्याला स्वतःची फारशी चव नसते. दुधी भोपळा कसा, तसा. जे घालाल ते तो आपलेसे करतो. कित्येक घरांत त्याची भाजी करतात. किसून थालीपिठात घालतात. कोहळ्याचा पेठा तुम्ही जत्रेत खाल्ला असेल. कोहळा आणि कलिंगड ही एकाच कुळातली फळे. काकडी, भोपळा, दोडका हीही त्यांचीच भावंडे. कोहळा पाकात मुरतो, तर कलिंगडाची साल का मुरणार नाही?

आणि ही काही आमची नवी युक्ती नाही. कलिंगड मुळात आफ्रिकेतले. मिसर देशाच्या राजांच्या थडग्यांत त्याच्या बिया सापडल्या आहेत. तिथून ते जगभर गेले. रशियात तर अख्खी कलिंगडे पिपात मिठाच्या पाण्यात घालून आंबवतात आणि हिवाळ्यात खातात. अमेरिकेत सालीचे गोड लोणचे घरोघर होत आले आहे. १७९६ साली अमेलिया सिमन्स नावाच्या एका बाईने तिथे स्वयंपाकाचे पुस्तक छापले. त्या देशातल्या माणसाने लिहून तिथेच छापलेले स्वयंपाकाचे ते पहिले पुस्तक मानतात. त्यात कलिंगडाची साल साखरेच्या पाकात तासन्‌तास मंद शिजवायची कृती आहे. १७९६ म्हणजे आपल्याकडे पुण्यात पेशवाई होती. त्या बाईची आणखी एक गोष्ट आहे. ती पुढे सांगू.

आता कृती. पाटीवर मापे लिहिली आहेत. ज्यांना वाचता येते त्यांनी शेजारणीला वाचून दाखवा.

फळ आणले की कापण्याआधी धुवावे. पुष्कळ जणी म्हणतात, साल तर टाकायची आहे, धुवायचे कशाला? पण फळ मातीत वाढते, गाडीत लोळते, दहा हातांतून जाते. न धुता कापले तर सुरीबरोबर बाहेरची घाण आतल्या गरात जाते. आपल्याला तर सालच वापरायची आहे. तेव्हा चोळून धुवा.

फळ कापून लाल गर काढून घ्या. थोडी गुलाबी कड राहिली तर ती काढा, नाही तर फोडी मऊ पडतात. हिरवा पापुद्रा विळीवर किंवा सोलाण्याने काढा. जाड सालीचे फळ असेल तर काम सोपे. पूर्वी नदीच्या वाळूत वाडी करून कलिंगडे लावत. त्यांची साल चांगली जाड असे. आता ठिबकवर, प्लॅस्टिकच्या कागदावर लावलेल्या जातींची साल बरीच पातळ असते. बाजारात फळ घेताना आपण साल पाहून घेत नाही. गोडी पाहून घेतो. तेच बरोबर आहे. पातळ सालीचे असेल तर दोन फळांची साल एकत्र करा. आमच्या वजनात पाच किलोच्या फळातून पाऊण किलोच्या आसपास फोडी निघाल्या.

फोडी बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लहान करा. सारख्या करा. एक मोठी, एक बारीक असे झाले की एक कच्ची राहते आणि दुसरीचा लगदा होतो.

एक किलो फोडींना दीड लिटर पाणी आणि शंभर ग्रॅम मीठ घ्या. मीठ पाण्यात विरघळवा आणि त्यात फोडी रात्रभर बुडवून ठेवा. वर एक ताटली उलटी ठेवली की फोडी तरंगत नाहीत. मिठाने फोडीतले पाणी बाहेर येते आणि फोड करकरीत राहते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर कसे पाणी सुटते, तेच हे.

काही जणी मिठाऐवजी चुन्याच्या निवळीत फोडी घालतात. पेठेवाले तसेच करतात. त्याने फोड फारच करकरीत होते. पण आम्ही तो मार्ग सुचवत नाही. चुना खायचाच हवा, भिंतीचा चालत नाही. लहान पोराच्या डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. शिवाय फोडी चार-चार पाण्यांनी धुतल्या नाहीत तर राहिलेला चुना लोणच्याचा आंबटपणा मारतो, आणि मग लोणचे टिकत नाही. मिठाचे पाणी बरे.

सकाळी फोडी उपसून दोन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. नव्या पाण्यात घालून उकळी आणा. सुरीचे टोक सहज आत जाईल इतपतच शिजवा. दहा मिनिटे पुरतात. मग चाळणीत निथळत ठेवा.

आता पाक. एक किलो फोडींना एक किलो साखर. ४०० मिलिलिटर शिरका. ४०० मिलिलिटर पाणी. शिरका म्हणजे दुकानात बाटलीत मिळते ते पांढरे व्हिनेगर. बाटलीवर आंबटपणा किती टक्के ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. पाचाचा आकडा शोधून बाटली घ्या. दुकानदाराला विचारू नका. स्वतः वाचा. दालचिनीचे तीन तुकडे आणि दहा-बारा लवंगा फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाकात सोडा. एका लिंबाच्या चकत्या घाला. आपल्याकडच्या जिभेला थोडे तिखट लागतेच. मेथांब्याची सवय आहे ना. मग दोन सुक्या मिरच्या टाका. मसाल्यात ज्याची त्याची आवड. वाटले तर लवंग घालू नका, आले घाला. पण साखरेचे आणि शिरक्याचे माप हलवू नका. का, ते आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत.

गूळ वापरला तर चालतो. रंग काळपट येतो, पण चव खमंग लागते. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात काडीकचरा असतो. आणि पाक साखरेपेक्षा जरा जास्त आटवा.

भांडे स्टीलचे घ्या. पितळ्याचे नको, तांब्याचे नको. आंबट पदार्थ त्यात कळकतो हे तुमच्या आजीलाही माहीत होते. ॲल्युमिनियमही नको.

पाकाला उकळी आली की पाच मिनिटे ठेवा. उतरवा. त्यात फोडी घाला आणि झाकून रात्रभर ठेवा. फोडी हळूहळू पाक पितात. घाई केली आणि एकदमच आटवले तर त्या आक्रसून वातड होतात. दुसऱ्या दिवशी पातेले पुन्हा मंद आचेवर चढवा. फोडी काचेसारख्या आरपार दिसू लागल्या आणि पाक मधासारखा झाला, की झाले. याला तासभर लागतो. कधी जास्तही लागतो. घड्याळाकडे पाहू नका, फोडीकडे पाहा.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची. आधी धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, कडक उन्हात पुरती वाळवलेली हवी. लोणचे गरम असतानाच भरा. पण गार बरणीत गरम लोणचे ओतले तर काच तडकते. म्हणून बरणीही ऊन हवी. फोडी पाकात बुडालेल्या असाव्यात. एक जरी फोड उघडी राहिली तरी बुरशी तिथूनच सुरू होते. झाकण घट्ट लावा. वर फडक्याचा दादरा बांधा. मग तीन आठवडे बरणीला हात लावू नका. लोणचे मुरू द्या.

एवढे सगळे आम्हाला माहीत होते. तरी गेल्या वर्षी आमचे लोणचे नासले. ते कसे, ते सांगतो.

चैत्र महिना होता. वर्गातल्या बारा जणींनी पन्नास-पन्नास रुपये वर्गणी काढली. आम्ही तीन फळे आणायची ठरवली. अडीच किलो फोडी निघतील असा अंदाज होता, म्हणून अडीच किलो साखर आणली. वहीत तसे लिहिले. आमच्या वर्गात एक मावशी आहेत. बाजारात कांद्याच्या गाळ्यावर निवडणीच्या कामाला जातात. पंचावन्न वर्षे उलटल्यावर अक्षरे शिकायला बसल्या. त्या दिवशी त्या येताना खांद्यावर एक भले मोठे चौथे फळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "माझ्याकडून." सगळ्यांना आनंद झाला. फोडी तीन किलो भरल्या. फळ वाढले, फोडी वाढल्या. साखर वाढवायला हवी, हे कोणाच्याच डोक्यात आले नाही.

मोठे पातेले एकच होते. म्हणून दुसऱ्या दिवशी एकेक किलोचा पाक तीन वेळा केला. रात्री मुरत ठेवण्यासाठी घरोघरचे डबे मागून आणले. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओळीने तीन वेळा आटवले. तिसऱ्या खेपेला दिवेलागण झाली. कोणाला स्वयंपाकाला जायचे होते, कोणाचे मूल रडत होते. तिसरा पाक मुळातच पातळ होता. तो तसाच उतरवला. आमच्यासमोरच उतरवला.

बरण्या भरायचे काम एका घरच्या नव्या सुनेने केले. तिचा हात स्थिर. बाहेर एक थेंब सांडला नाही. बाराही बरण्या तिनेच भरल्या. चिठ्ठ्या लिहायचे काम मावशींनी घेतले. त्यांना लिहिण्याची नवी हौस. प्रत्येक चिठ्ठीवर त्यांनी तारीख लिहिली आणि पातेले पहिले, दुसरे की तिसरे, तो आकडा लिहिला. त्यांचा तीनाचा आकडा तेव्हा उलटा निघत असे. आम्ही दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगायचा आमचाही उत्साह गेला होता. उलटा तर उलटा. बरण्या बारा घरी गेल्या.

मृगाचा पाऊस पडला आणि एकेकीचा निरोप येऊ लागला. एकीची बरणी फसफसली. पाक झाकणातून बाहेर आला, फळीवर मुंग्या लागल्या. दुसरीच्या बरणीत पांढरी बुरशी. तिसरीचे झाकण उघडताच दारूसारखा वास. पाच बरण्या गेल्या. पैसे गेले ते गेलेच. पण खरा घोटाळा पुढेच झाला.

त्या नव्या सुनेच्या सासूबाईंना एक गोष्ट आठवली. बरण्या भरल्या त्या दिवशी सुनेने देवापुढे दिवा लावला नव्हता. सासूबाईंनी स्वतः लावला होता. म्हणजे सून त्या दिवशी बाजूला होती. पाळीचे दिवस होते. सासूबाईंनी नळावर चार बायकांत बोलून दाखवले, "हिचा हात लागला. मग लोणचं नासंल नाही तर काय होईल?" दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत तेच. कोणाच्या घरी पापड बिघडले, तेही तिच्या माथी. पोरगी वर्गाला यायची बंद झाली. दोन आठवडे तिची वही आमच्या कपाटात पडून होती.

आम्हीही गोंधळलो. पाळी आलेल्या बाईच्या हाताने लोणचे नासत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि चार बायकांपुढे दाखवून देणे वेगळे. आम्ही नुसते "असे नसते हो" म्हटले असते, तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन तेच बोलल्या असत्या.

मग आम्ही सगळ्यांना नासक्या बरण्या घेऊन बोलावले. बरण्या ओळीने मांडल्या. मावशी पुढे आल्या. एकेक चिठ्ठी बोट ठेवून वाचू लागल्या. वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "अहो बाई, हे समदे माझे उलटे तीन हायेत की."

पाचांपैकी चार बरण्यांवर उलटा तीन होता. तिसऱ्या पातेल्याच्या चारच बरण्या होत्या. त्या चारही नासल्या. पाचव्या बरणीवर मात्र दोन होता. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग ही कशी नासली?" सगळ्या त्या बरणीच्या मालकिणीकडे पाहू लागल्या. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरांनी दहाव्या दिवशीच उघडली. ओला चमचा घातला. मी मारलं त्यांना. पण कुणाला बोलले नाही."

आम्ही जमाखर्चाची वही उघडली. साखर अडीच किलो. फोडी तीन किलो. पहिल्या पातेल्यात एक किलो साखर गेली. दुसऱ्यात एक किलो. अडीचातून दोन गेले, उरले किती? वर्गात सगळ्यांनी मिळून उत्तर दिले. अर्धा किलो. तिसऱ्या पातेल्यात एक किलो फोडींना अर्धा किलो साखर. साखर आणली होती आम्ही. चूक आमची होती. आम्ही ती सगळ्यांपुढे कबूल केली आणि आमच्या वाट्याचे पैसे भरले.

बाराही बरण्यांना हात एकाच मुलीचा लागला होता. तिसऱ्या पातेल्याच्या चारही गेल्या. पहिल्या पातेल्याची एकही गेली नाही.

साखर कमी पडली तर नासते का, हेही सांगायला हवे. हवेत, पाण्यात, आपल्या हातांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. काही जंतू आपल्या कामाचे. आंबोळीचे पीठ तेच फुगवतात, दुधाचे दही तेच करतात. पण लोणच्यात ते नकोत. पदार्थ आंबतो तो या जंतूंमुळे, हे फ्रान्समधल्या लुई पाश्चर यांनी १८५७ साली दाखवले. आपल्याकडे सत्तावनचा उठाव झाला, तेच साल. जंतूंना जगायला पाणी लागते. साखर भरपूर असली की ती सगळे पाणी स्वतःकडे ओढून घेते. जंतूच्या अंगातलेही ओढते. मग त्यांची वाढ होत नाही. साखर कमी असली की उलटे होते. तो पाक राहत नाही, सरबत होते. जंतूंना आपण सरबतच पाजल्यासारखे. शिरक्याचा आंबटपणा साखरेच्या मदतीला असतो, पण आमच्या तिसऱ्या पातेल्यात त्याला एकट्याला ते झेपले नाही. आणि पाळीचे म्हणाल तर त्या दिवसांत बाईच्या हातावर काही निराळे जंतू येत नाहीत. साबणाने हात धुतला की तो तुमच्या-आमच्या हातासारखाच स्वच्छ. पाळी नसलेल्या बाईने न धुतलेला हात बरणीत घातला तर मात्र लोणचे नासेल. पुरुषाने घातला तरी नासेल.

सासूबाईंनी हे सगळे ऐकले. काही बोलल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरची बरणी त्यांनी उघडलीच नव्हती. सुनेचा हात लागला म्हणून तशीच फळीवर ठेवली होती. मावशी म्हणाल्या, "आणा की ती. बघू तरी." नातवाला पळवले. बरणी आली. चिठ्ठीवर एक होता. झाकण काढले. फोडी काचेसारख्या, पाक स्वच्छ, दालचिनीचा वास. सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत एक फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. म्हणाल्या, "गोड जास्त झालंय."

त्याच आठवड्यात सून पुन्हा वर्गाला येऊ लागली. सासूबाई अजून पाळीच्या दिवसांत तिला देवाला दिवा लावू देत नाहीत. तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. पण लोणच्याचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

त्या अमेरिकेतल्या बाईची गोष्ट सांगायची राहिली होती. ती अनाथ होती, असे तिच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेले आहे. पुस्तक छापण्याजोगे तयार करण्याइतके शिक्षण तिला नव्हते. म्हणून तिने एका माणसाकडे आपल्या कृती सोपवल्या. त्याने काही कृतींतले महत्त्वाचे जिन्नस गाळले आणि तिला न विचारता भलतेच घातले. पुढे तिला जाहीर छापून सांगावे लागले की हे मी सांगितलेले नाही, आणि चुका दुरुस्त करून द्याव्या लागल्या. ही गोष्ट आम्ही मावशींना सांगितली. त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, माझ्यासारखं उलटं का होईना, स्वतः लिवायचं." आता मावशींचा तीन सरळ येतो.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगतो. लोणचे काढताना चमचा कोरडा हवा. लागेल तेवढे लहान बरणीत काढा, मोठी पुन्हा बंद करा. पावसाळ्याची ओल फार वाईट, तेव्हा बरणी चुलीच्या वाफेपासून आणि नळापासून लांब ठेवा. घरी फ्रीज असेल तर उघडलेली बरणी त्यात ठेवा. वर फेस आला, झाकण फुगले, बुरशी दिसली, तर वरचे काढून खालचे खाऊ नका. सगळे टाकून द्या. जीव हळहळतो, पण टाका. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे लोणचे खाऊ नये. यात निम्मी साखरच असते. लहान मुलांनाही तोंडी लावण्यापुरतेच द्या. मागच्या खेपेला पोरे वाटी घेऊन बसत होती.

भाकरीबरोबर ते चांगले लागते. शिळ्या पोळीबरोबर त्याहून चांगले. उपासाला चालते का, असे एका आजींनी विचारले आहे. मिरची आणि मसाला ज्या घरी चालतो, त्या घरी चालेल. आजींनी आपल्या घरची रीत पाहावी.

विकता येईल का, असेही काहींनी विचारले. येईल. पण खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागते. घरगुती धंद्यालाही ती लागते. त्याचा अर्ज कसा भरायचा, ते पुढच्या महिन्यात वर्गात घेऊ. आज नुसते लोणचे.

तर आता वह्या काढा. पाटीवरची मापे उतरून घ्या. फोडी एक किलो, मीठ शंभर ग्रॅम, साखर एक किलो, शिरका ४०० मिलिलिटर, पाणी ४०० मिलिलिटर. फोडी वाढल्या तर बाकीचे किती वाढेल, ते तिथेच शेजारी मांडून ठेवा. मावशींनी यंदाही एक फळ जास्त आणले आहे. त्यांना आम्ही तराजू दाखवला आहे. साखर त्या हिशेबाने आणून ठेवली आहे.

विळी मांडली आहे, पाणी ठेवले आहे. साबण नळापाशी आहे. हात धुऊन या. फोडी कशा करायच्या ते आता सूनबाई दाखवतील.